बॅरलची झीज वहीत आहे, आमच्या कानाची कुठं आहे?

प्रति,
मेडिकल बोर्डाचे डॉक्टर साहेब, अपील कमिटीचे साहेब, आणि माझी फाईल ज्या ज्या टेबलावरून गेली त्या टेबलामागचे सगळे.

जय हिंद साहेब.

मी तोफखान्यातला रिटायर हवालदार. १९९१ ला भरती झालो, नाशिक रोडला ट्रेनिंग झालं, २०१५ ला घरी आलो. गाव आमचं पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी खारं, जमीन काळीभोर, पऱ्हाटी-तूर-हरभऱ्याशिवाय फारसं काही होत नाही. मागच्या महिन्यात तुमचं पत्र आलं. पोस्टमन फाटकातून चार-पाच हाका मारत होता म्हणे, मी ओट्यावर त्याच्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, त्यानं आत येऊन खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो. सही केली, लिफाफा घेतला. दीड पान इंग्रजी. सुनेनं वाचलं, ती बी.ए. झालेली आहे तरी तिला दोनदा वाचावं लागलं, मग माझ्यासमोर बसून, तोंड मला दिसेल असं, तिनं एकेक गोष्ट सावकाश सांगितली. दुसरं अपीलही नामंजूर. बहिरेपण आहे हे तुम्हाला मान्य, २० टक्के आहे हे मान्य, आयुष्यभराचं आहे हेही मान्य. फक्त ते फौजेच्या नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीनं वाढलेलंही नाही, असं तुमचं म्हणणं.

कारण एका ओळीत दिलंय. आजार पीस स्टेशनवर, म्हणजे लढाई नसलेल्या शांत छावणीत असताना सुरू झाला.

साहेब, हे एक वाक्य मला गिळता येत नाहीये. रिटायर होताना बोर्डानं हेच लिहिलं, पहिल्या अपीलला हेच उत्तर आलं, तेव्हा माय आजारी होती म्हणून मी नाद सोडला होता, मग काही वर्षांनी उशीर माफ करून घेऊन दुसरं अपील केलं आणि पुन्हा तेच. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो. गावोगावी माझ्यासारखे गनर बसलेले आहेत, त्यांच्याही पेटीत हेच पत्र आहे, आणि बऱ्याच जणांनी ते वाचून घडी घालून ठेवून दिलंय.

सुरू कुठं झालं ते मी सांगतो.

१९९९ चा मे संपत आला होता, कारगिलचं युद्ध लागलं होतं. मी २७ वर्षांचा, नायक, बोफोर्स तोफेवर लेअर. लेअर म्हणजे तोफेला नेमकी दिशा लावणारा माणूस. वरून आकडे येतात, ते साईटवर लावायचे, तोफ फिरवायची, "रेडी" म्हणायचं. कोन मोजतात मिलमध्ये, आणि एका मिलची चूक झाली तर एका किलोमीटरला गोळा एक मीटर बाजूला जातो, दहा किलोमीटरवर दहा मीटर. आमचे जवान डोंगराच्या अंगावर चढत असायचे, आमचे गोळे त्यांच्या डोक्यावरून जाऊन त्यांच्या पुढं पडायचे, पायदळ जितकं वर सरकेल तितका आमचा गोळा त्यांच्या जवळ. चुकलो तर आपलीच पोरं. म्हणून लेअरला आकडा नीट ऐकू येणं हे सगळ्यात महत्त्वाचं, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आमची रेजिमेंट जोजीला खिंड ओलांडून द्रासच्या बाजूला लागली. तिथं काय परिस्थिती होती ते आता सगळ्यांना माहीत आहे, शत्रू शिखरांवर बसलेला, तोलोलिंगवरून श्रीनगर-लेहचा हायवे त्याला आपल्या अंगणासारखा दिसायचा, गाड्या रात्री दिवे बंद करून चालायच्या. आम्हाला खारपाणपट्ट्यातल्या माणसाला जूनमध्ये बर्फ म्हणजे काय ते तिथं कळलं. हात लोखंडाला चिकटायचे. बापाचं अंतर्देशीय पत्र ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर यायचं, "बाबू, मिरगाचा पाणी आला, पऱ्हाटी टोबली, तिकडे थंडी लय असन तं सेटर घालजो." ते पत्र मी खिशात ठेवून गोळाबारी केली आहे, घामानं शाई फुटली त्याची, थंडीतही घाम येतो तोफेवर. एक गोळा चाळीस किलोच्या वर, तो उचलायचा, पुढचा आणायचा, चार्ज म्हणजे गोळा फेकणारी दारू भरायची, रात्रभर. युद्ध संपेपर्यंत गोळे, मॉर्टर आणि रॉकेट मिळून अडीच लाखांवर फायर झाले, रोजचे साधारण ५ हजार, जवळपास ३०० तोफा-मॉर्टर-लाँचर मिळून, असं नंतर सरकारनंच सांगितलं. त्यातली एक तोफ आमची.

आता कानाचं. इयर प्लग आम्हाला मिळत नव्हते असं मी म्हणणार नाही, मिळाले होते, रबराचे. काही हरवले, काही थंडीनं दगडासारखे झाले. पण खरी अडचण वेगळीच होती. कमांड पोस्टमधून आकडे टॅनॉयवर, म्हणजे तोफेजवळच्या लाउडस्पीकरवर यायचे, आणि दोन्ही कान बंद केले की बाजूच्या तोफांच्या आवाजात ते आकडे कळायचे नाहीत. एकदा "तीन" आणि "तीस" मध्ये माझा घोळ झाला, नंबर वननं, म्हणजे आमच्या तोफेच्या प्रमुखानं, वेळेवर पकडला, त्या दिवसापासून मी ठरवलं की एक कान उघडा ठेवायचा. डाव्या कानात कापूस कोंबायचो, फील्ड ड्रेसिंगची पट्टी फाडून त्यातला. माझ्या बापानं जन्मभर कापूस पिकवला, आणि मी तिथं चिमूटभर कापसासाठी पट्ट्या फाडत होतो. उजवा कान टॅनॉयकडं, उघडा.

तुमच्या बोर्डानं माझे कान मशीनवर तपासले तेव्हा उजवा कान डाव्यापेक्षा बराच जास्त गेलेला निघाला. तो कागद फाईलमध्ये आहे, दोन रेषा आहेत त्यावर, एक खाली गेलेली आणि एक त्याहून खाली. दोन्ही कानांत असा फरक काहून पडला असेल हे मला एकाही डॉक्टर साहेबांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उजव्या कानावर हात ठेवून सांगितलं असतं, साहेब हा टॅनॉयवाला कान आहे.

एक रात्र सांगतो, मग मुद्द्यांवर येतो.

तोलोलिंगवर शेवटचा हल्ला चालू होता तेव्हाची. २ राजपुताना रायफल्स वर चढत होती, १३ जूनला ते शिखर त्यांनी घेतलं, त्याच्या आधी आलेले लोक त्याच उतारावर पडलेले होते हे आम्हाला खाली कळत होतं, वायरलेसवर सगळं कळतं. आमच्या पोझिशनवर समोरून गोळे यायला लागले. पहिला लांब, दुसरा जवळ, म्हणजे तिसरा कुठं पडणार हे गनरला कुणी सांगावं लागत नाही. अशा वेळी माणसांना खंदकात घालायचं हे शिकवलेलं असतं. आमचे जीपीओ साहेब, म्हणजे तोफांच्या जागेवरचे अधिकारी, कॅप्टन, पंचविशीतले असतील, कमांड पोस्टातून बाहेर आले. पायदळासोबत वर राहून गोळे कुठं पडतात ते बघणाऱ्या ओपी साहेबांशी त्यांचं बोलणं झालं होतं, वरची पोरं उघड्यावर होती, बंकर समोर, आडोसा नाही, आमचा फायर थांबला तर वरून मशीनगन चालू होणार. जीपीओ साहेब आमच्या तोफेमागं येऊन उभे राहिले. ऑर्डर दिली नाही त्यांनी, नुसतं म्हणाले, "लडके ऊपर खुले में हैं. गन चलेगी." आणि तिथंच उभे राहिले. त्यांना कमांड पोस्टात परत जाता आलं असतं, तिथं वाळूच्या गोण्या होत्या.

तोफ चालली. पुढचा गोळा आमच्या उजव्या बाजूला पडला. गोळे आणून देणारा पोरगा, २१ वर्षांचा, आंध्रचा, तो जागेवर गेला. आमच्या नंबर वनच्या, हरियाणाचा हवालदार होता, त्याच्या मांडीत स्प्लिंटर घुसला, तो गोळ्याच्या पेटीवर बसला आणि पेटीवर बसूनच ऑर्डर देत राहिला, त्याच्या बुटातून रक्त बाहेर येत होतं. मला धक्क्यानं फेकलं, उठलो तेव्हा सगळं शांत होतं. म्हणजे मला शांत वाटलं. जीपीओ साहेबांचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. त्यांनी माझा हात धरून बोटांनी आकडे दाखवले, मी ते साईटवर लावले, आणि पहाटेपर्यंत असंच, बोटांवर आकडे घेत मी तोफ लावली. एकही गोळा चुकीचा गेला नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

दोन दिवसांनी डावा कान उघडला. उजव्यात मग एक आवाज चालू झाला, बारीक, शिट्टीसारखा, तो आजही चालू आहे, हे लिहितानाही.

मी डॉक्टरकडं का गेलो नाही हा तुमचा प्रश्न असतो. तुमच्या पत्रात लिहिलंय, "इंज्युरी रिपोर्ट उपलब्ध नाही." साहेब, नंबर वन गेल्यावर तोफ मी सांभाळत होतो. डॉक्टर साहेबांचा तंबू मागं काही किलोमीटरवर, तिथं स्ट्रेचर लागलेले, वरून उतरवलेली पोरं, कुणाचा पाय नाही, कुणाचं पोट उघडं. त्या रांगेत उभं राहून मी काय सांगू, की कान वाजतो म्हणून? मला लाज वाटली असती. माझ्या जागी कुणीही असता तर गेला नसता. त्या वेळी न जाणं ही चांगल्या जवानाची गोष्ट होती, आज त्याचीच मला शिक्षा होतेय.

आता तुमच्या एकेका कारणावर बोलतो.

सगळ्यात आधी पीस स्टेशन. २००९ साली मी एका शांत छावणीत होतो आणि वार्षिक मेडिकलला पहिल्यांदा मला त्या डबीसारख्या खोलीत बसवून मशीनवर कान तपासला. तोवर आमची तपासणी म्हणजे सहा पावलांवरून डॉक्टर साहेब कुजबुजणार आणि आम्ही ओठांवरून अंदाज करून "यस सर" म्हणणार. मशीननं दाखवलं म्हणून कागदावर २००९ आलं. तो कागदाचा दिवस आहे, कानाचा नाही. वावरात कपाशीच्या झाडाला मूळकूज लागते तेव्हा झाड वरून हिरवंच दिसतं, सुकतं नंतर. सुकलेलं दिसलं त्या दिवशी रोग आला असं आमच्याकडं कोणी शेतकरी म्हणत नाही. आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, मशीनच्या कागदावर ४ हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, हे तुमच्याच पुस्तकातलं आहे, माझ्या कागदावर तो खड्डा आहे. १४० डेसिबलच्या वरचा धमाका कानाला इजा करतो असं मानतात, तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या कितीतरी वरचा आवाज बसतो. शांत छावणीत माझ्या कानाजवळ असं काय फुटलं होतं? तिथं मी स्टोअर सांभाळत होतो.

मग रेकॉर्ड. मी अर्ज केला की ९९ ची आमच्या युनिटची मेडिकल कागदपत्रं बघा, तर उत्तर आलं की ठेवायची मुदत संपली, नष्ट केली. ठीक आहे, नियम असेल. पण कागद तुमच्याकडं होता, मुदत तुमची, नष्ट तुम्ही केला, आणि तो नाही म्हणून नुकसान माझं, हा हिशोब मला कुठल्याच बाजूनं बरोबर वाटत नाही.

आणि सगळे कागद गेले असंही नाही साहेब. हे मला सगळ्यात जास्त लागतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. प्रत्येक तोफेची एक वही असते. किती गोळे मारले, कोणत्या चार्जनं मारले, मोठ्या चार्जचा गोळा पूर्ण धरायचा, छोट्याचा हिस्सा धरायचा, कारण मोठ्या चार्जनं बॅरल जास्त झिजतं. मधूनमधून माणसं येतात आणि बॅरलच्या आत माप घालून झीज मोजतात, ठराविक झीज झाली की बॅरल बदलतात. युद्ध संपल्यावर आमच्या तोफेचं असं माप घेतलं तेव्हा मी कंदील धरून बाजूला उभा होतो. त्या साहेबांनी वहीत आकडा लिहिला, मान हलवली, म्हणाले बहुत चली है ये. मी हसलो, मला ते अर्धंच ऐकू आलं होतं, बाजूच्यानं परत सांगितलं. त्या लोखंडाला जेवढे धक्के बसले तेवढे त्याच्या शेजारी दीड हातावर उभ्या असलेल्या सहा माणसांना बसले. लोखंडाचं माप निघालं. आमचं कुणी काढलं नाही, तेव्हाही नाही, त्याच्या पुढच्या १० वर्षांतही नाही. ती वही शोधा. तिच्यात जून-जुलै ९९ चे आकडे असतील. माझी त्या तोफेवरची पोस्टिंग तुमच्या रेकॉर्डला आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवा, इंज्युरी रिपोर्टची गरज पडणार नाही.

आणि माझ्याकडं ऑपरेशन विजय स्टार आहे, कारगिलच्या युद्धाचा. जे प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांनाच तो मिळाला, बाकीच्यांना ऑपरेशन विजय मेडल. तो स्टार मला सरकारनं दिला, म्हणजे मी तिथं होतो हे सरकारला माहीत आहे.

एका बोर्डात जे झालं तेही सांगतो, मनात राहिलंय म्हणून. तपासणाऱ्या साहेबांनी माझ्या पाठीमागं जाऊन अचानक टाळी वाजवली, मी वळलो नाही, मग पुढं येऊन म्हणाले, पेन्शनसाठी आजकाल सगळेच बहिरे होतात. ते मला ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं. मी काही बोललो नाही, फौजेची सवय आहे, साहेबांपुढं उलट बोलायचं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, दिवसाला किती लोक येत असतील. पण माझ्यासोबत बायको होती, तिला ऐकू आलं होतं, आणि परत येताना एसटीत ती अमरावती येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

बहिरा म्हणजे लोकांना वाटतं काहीच ऐकू येत नाही. तसं नाही माझं. आवाज येतो, शब्द फुटत नाही. स, श, फ, ख ही अक्षरं गळून पडतात. बायको म्हणते साखर सरली, मला ऐकू येतं भाकर. सतरा वेळा असं झाल्यावर आता ती डबा हातात घेऊन येते आणि झाकण उघडून दाखवते. नात चार वर्षांची आहे, तिचा आवाज पातळ, वरच्या पट्टीतला, नेमका तोच माझ्या कानातून गेलेला. ती मांडीवर बसून काहीतरी सांगत असते, खूप वेळ, हातवारे करून, आणि मी हो हो म्हणतो. परवा ती आईला म्हणाली, आजोबा खोटं खोटं हो म्हणते. ते सुनेनं मला हसत सांगितलं, मी उठून वावरात गेलो.

माझ्याच तोफेवरचा एक साथीदार वाशीमकडचा आहे. त्यालाही हेच पत्र, हीच ओळ. त्यानं पहिल्या नकारानंतर सोडून दिलं. मागच्या साली हायवेवर सायकलनं जाताना मागून ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही, पाय मोडला, जीव वाचला. भेटायला गेलो तर म्हणतो, "जाऊ द्या ना साहेब, आपण जिवंत आलो ना." त्याचं बरोबरच आहे, आम्ही जिवंत आलो, ५२७ जण आले नाहीत, हे आम्ही रोज आठवतो. पण जिवंत आलो म्हणून तक्रार करू नये असा कुठला नियम आहे का? आमच्या नंबर वनला अपंगत्वाची पेन्शन मिळते, मिळायलाच पाहिजे, तो माझा गुरू आहे. त्याचं रक्त दिसलं म्हणून त्याचा कागद झाला. त्याच गोळ्यानं माझं जे गेलं ते दिसण्यासारखं नव्हतं एवढाच फरक.

कायद्याचंही थोडं. माझा मुलगा शोधत बसतो मोबाईलवर. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता आणि तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर नंतरचा आजार नोकरीमुळेच आला असं धरायचं, तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी फौजेची, जवानाची नाही, आणि शंका असेल तर फायदा जवानाला. २०१४ मध्ये राम अवतार यांच्या केसमध्ये सांगितलं की मुदत पूर्ण करून निघालेल्यालाही टक्केवारी वर नेऊन धरायची, ५० च्या खाली असेल तर ५० धरायची. २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तज्ज्ञांची कमिटी नेमली, तिनंही अपंग जवानांच्या मागं कोर्टकचेऱ्या लावू नका असाच सूर लावला. मग माझ्या पत्रात याच्यातलं एक अक्षर का नाही? जो मुंबईला ट्रिब्युनलपुढं, म्हणजे फौजेच्या लोकांच्या केस चालवणाऱ्या कोर्टापुढं जातो त्याला मिळतं, जो जाऊ शकत नाही त्याला नाही, असं चाललंय. खारपाणपट्ट्यातून मुंबई म्हणजे रात्रीची गाडी, राहणं, वकील, तारीख, पुन्हा तारीख. कापूस विकून आलेला पैसा त्यात घालायचा की पुढच्या बियाण्यात, हे मला दरवर्षी ठरवावं लागतं, आणि दरवर्षी मी बियाणं घेतो.

रक्कम म्हणाल तर फार मोठी नाही. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, बाकी त्या प्रमाणात. पैसा नको असं म्हणणार नाही, यंदा कपाशीवर बोंडअळी होती, पैसा पाहिजेच आहे. पण तुमच्या कागदावर "नोकरीशी संबंध नाही" हे जे कायमचं लिहून राहिलंय ते आधी खोडायचंय मला. संबंध नाही कसं? दुसरा कशाशी संबंध असेल? मी लग्नात बँड वाजवत होतो का?

माझ्या मागण्या सरळ आहेत.

माझी फाईल पुन्हा उघडा, आणि या वेळी तोफेची वही, पोस्टिंगचं रेकॉर्ड आणि ऑपरेशन विजय स्टार हा पुरावा धरा. एकट्या माझी नको. युद्धात तोफेवर असलेल्या ज्या ज्या माणसाला "पीस स्टेशन"च्या एका ओळीवर नकार गेलाय त्या सगळ्या फायली तुम्ही आपणहून काढा, प्रत्येकाला मुंबईला पळवू नका. वाशीमवाला अर्ज करणार नाही, त्याची फाईल तुम्हालाच काढावी लागेल.

नकार द्यायचाच असेल तर कारण सविस्तर द्या, कान कशानं गेला ते तुमच्या मते सांगा, आणि मराठीत द्या. आमच्या तालुक्यात अशा विधवा बायका आहेत ज्यांना कार्यालयातून आलेलं इंग्रजी पत्र वाचून घ्यायला बस धरून जावं लागतं.

कानात घालायच्या, ऐकू येण्याच्या मशीनचं बघा. मशीन मिळालं मला, पण बिघडलं की ७० किलोमीटर, दोन बस बदलून, आणि तिथं गेल्यावर कळतं तंत्रज्ञ बुधवारी येतो. वर्षातून दोनदा तालुक्याला एक दिवस कॅम्प लावा, आम्ही माजी सैनिक मंडप-पाण्याची व्यवस्था करतो.

आणि ही मागणी माझ्यासाठी नाही. पहाटे चारला आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर पोट्टे पळतात, भरतीची तयारी. आता चार वर्षांचे अग्निवीर होऊन जातात. अपंगत्व आलं तर त्यांनाही पैसे मिळतात, पण तिथंही हीच अट, नोकरीमुळे झालं असं कोणीतरी लिहिलं पाहिजे. त्यातली दोन पोरं माझ्याकडं येऊन विचारतात, काका तोफखाना घेऊ का. मी काय सांगू त्यांना? माझी विनंती आहे, प्रत्येक गनरचा कान भरतीच्या वेळी मशीनवर तपासा, दर फायरिंगनंतर तपासा, निघताना तपासा, आणि त्याची एक प्रत त्याच्या हातात द्या, घरी पेटीत ठेवायला. तोफेला वही आहे, तशी गनरला एक वही द्या. म्हणजे मी त्या पोरांना हो म्हणू शकेन.

उत्तर द्याल तर कृपा करून फोन करू नका, फोनवर मला शब्द कळत नाहीत. पत्र पाठवा. पोस्टमनला सांगून ठेवलंय, हाक मारू नको, सरळ आत ये.

आपला,
एक माजी हवालदार, तोफखाना
खारपाणपट्टा, विदर्भ